चार स्थानांचे राखणदार

1794 साली बनारसच्या बाबू जगतसिंग यांना आपल्या नावाची पेठ वसवायची होती आणि त्यासाठी विटा हव्या होत्या. शहराबाहेर सारनाथला विटांचा आयता डोंगर उभा होता. मजूर लावले, डोंगर फोडायला सुरुवात झाली. बरंच खाली गेल्यावर एक दगडी पेटी लागली. पेटीत संगमरवरी कुपी, कुपीत थोड्या अस्थी, मोती आणि सोन्याची पानं. अस्थी कोणाच्या, हे तिथे कोणालाच माहीत नव्हतं. शेवटी हिंदू रिवाजाप्रमाणे त्या गंगेत सोडण्यात आल्या आणि विटा बैलगाड्यांत भरून पेठेच्या कामाला गेल्या.

तो डोंगर म्हणजे धर्मराजिका स्तूप. सम्राट अशोकाने बांधलेला आणि पुढच्या अनेक शतकांत भाविकांनी पुन्हा पुन्हा वाढवलेला. आज सारनाथच्या आवारात त्याच्या जागी जमिनीलगतचं विटांचं एक वर्तुळ तेवढं उरलं आहे. बहुतेक सहली त्याच्याकडे न बघताच पुढे जातात. ही हकीकत आपल्याला कळते ती तेव्हाचा बनारसचा इंग्रज रेसिडेंट जोनाथन डंकन याच्यामुळे. त्याने ती लिहून एशियाटिक सोसायटीकडे पाठवली. हाच डंकन पुढच्या वर्षी मुंबईचा गव्हर्नर झाला आणि 1811 मध्ये मुंबईतच वारला.

ज्या देशात बुद्ध जन्मला, त्याच देशात त्याच्या अस्थी ओळखणारं कोणी उरू नये, हे कसं झालं असेल? सारनाथ, बोधगया, कुशीनगर आणि लुंबिनी असा प्रवास करताना हा प्रश्न माझी पाठ सोडत नव्हता. त्याच्या मागोमाग दुसराही प्रश्न येत होता: मग ही ठिकाणं आपल्याला परत सापडली कशी?

या चार जागांची यादी फार जुनी आहे. पाली साहित्यातल्या महापरिनिब्बान सुत्तात बुद्ध शेवटच्या दिवसांत आनंदाला सांगतो, की श्रद्धावानाने पाहाव्यात अशा जागा चार: जिथे तथागत जन्मला, जिथे त्याला बोध झाला, जिथे त्याने पहिला उपदेश केला आणि जिथे त्याचं परिनिर्वाण झालं. बौद्ध तीर्थयात्रेची सुरुवात ही. चारांपैकी तीन जागा आज भारतात आहेत आणि एक नेपाळात, सरहद्दीपासून थोड्याच अंतरावर.

मुंबईहून येणाऱ्याला वाराणसी सोयीचं पडतं, म्हणून क्रमाने तिसरी असलेली जागा आधी दिसते. स्टेशनापासून सारनाथ दहाएक किलोमीटर आहे. वाटेत उजाड टेकाडासारखा चौखंडी स्तूप लागतो. त्याच्या माथ्यावर अष्टकोनी मनोरा आहे. हुमायून इथे येऊन गेला होता, त्या आठवणीसाठी तो अकबराच्या काळात, 1588 मध्ये, बांधला गेला. बौद्ध स्तूपावर मुघल मनोरा पाहून कोणाला गंमत वाटेल, कोणाला राग येईल. मला वाटलं, चला, मनोऱ्याच्या निमित्ताने स्तूप तरी टिकला.

मुख्य आवारात नजर आधी जाते ती धामेक स्तूपाकडे. उंची सुमारे 43 मीटर. खालच्या भागाला दगडी आवरण आहे आणि त्यावर गुप्तकाळातल्या कारागिरांनी वेलबुट्टीचा आणि भौमितिक नक्षीचा रुंद पट्टा कोरला आहे. तो मध्येच अर्धवट सुटलेला दिसतो. 1835 च्या सुमाराला एकविशीतला एक इंग्रज लष्करी इंजिनिअर या स्तूपाच्या माथ्यावर चढला आणि स्वतःचे पैसे घालून त्याने वरून सरळ खाली विहिरीसारखा बोगदा खणायला घेतला. त्याचं नाव अलेक्झांडर कनिंगहॅम. आत अस्थी मिळाल्या नाहीत, पण माणसाला नाद लागला. त्याने त्या वेळी सारनाथमध्ये शोधून ठेवलेल्या अनेक मूर्ती आणि कोरीव दगड पुढे वरुणा नदीवरच्या पुलाच्या कामात नदीत टाकले गेले. म्हणजे विटा एतद्देशीयांनी नेल्या आणि मूर्ती साहेबांनी बुडवल्या. दोष वाटायचाच तर दोघांनाही पुरेल एवढा आहे.

सारनाथचं संग्रहालय 1910 मधलं आहे. दारातून आत गेलं की समोरच अशोकाच्या स्तंभाचं सिंहशीर्ष. 1905 मध्ये फ्रिडरिक ओर्टेलच्या उत्खननात ते सापडलं आणि 1950 पासून ते आपल्या नोटांवर, पासपोर्टवर, सरकारी लिफाफ्यावर आहे. इतक्या वेळा पाहिलेली वस्तू प्रत्यक्षात पाहताना माणूस गप्प होतो, कारण नाण्यावरून तिच्या दगडाच्या तुकतुकीत झिलईची कल्पना येत नाही. पाठीला पाठ लावलेल्या या चार सिंहांच्या डोक्यावर एक मोठं धर्मचक्र होतं. त्याचे तुकडे याच संग्रहालयात ठेवले आहेत. राष्ट्रचिन्हात ते चक्र आलं नाही, म्हणून ते कोणाला माहीत नाही. आमच्याबरोबरच्या कोणीही त्या तुकड्यांकडे पाहिलं नाही, सगळे सिंहांसमोर खोळंबले होते.

अशोकाचा स्तंभ जिथे सापडला, तिथेच त्याचा बुंधा आजही उभा आहे. त्यावरचा लेख उपदेशाचा नाही, ताकिदीचा आहे. संघात फूट पाडणाऱ्या भिक्षूला किंवा भिक्षुणीला पांढरी वस्त्रं नेसवून विहाराबाहेर काढावं, असा तो हुकूम. बुद्धाच्या पहिल्या उपदेशाच्या जागी, दोन-अडीच शतकांतच, राजाला असा हुकूम खोदावा लागला. तीर्थक्षेत्राच्या भावुक वर्णनांत हे सहसा येत नाही.

सारनाथहून गयेला गेलो. बोधगया गयेपासून बारा-पंधरा किलोमीटरवर आहे आणि थंडीच्या दिवसांत अर्ध्या आशियाचं गाव झालेलं असतं. थाई, ब्रह्मी, भूतानी, जपानी विहार, तिबेटी लोकांचे गरम कपड्यांचे स्टॉल, फुटपाथवर जपमाळा. महाबोधी मंदिरात मोबाईल नेता येत नाही, तो बाहेर लॉकरमध्ये ठेवावा लागतो. हा नियम सुरक्षेसाठी आहे, पण त्याने मंदिराचं भलं झालं आहे. लोक निदान बोधिवृक्षाखाली बसतात.

मंदिर विटांचं, पन्नास मीटरहून उंच. आजचं रूप साधारण पाचव्या-सहाव्या शतकातलं. अशोक इथे आला होता, हे त्याच्या आठव्या शिलालेखावरून कळतं. राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर तो संबोधीला गेला आणि तेव्हापासून राजांच्या शिकारीच्या सहली बंद होऊन धर्मयात्रा सुरू झाल्या, असं तो स्वतः सांगतो. वृक्षाखालचं वज्रासन त्याच्या काळातलं मानलं जातं. भोवतालचा दगडी कठडा त्यानंतरचा, इसवी सनापूर्वीचा. त्याच्या खांबांवर कुरंगी नावाच्या एका राजस्त्रीच्या दानाचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. हिच्याबद्दल इतिहासाला फारसं काही माहीत नाही, पण कठडा आहे तोवर तिचं नावही आहे. गुप्तकाळात सिंहलद्वीपच्या मेघवर्ण राजाने समुद्रगुप्ताची परवानगी काढून आपल्या यात्रेकरूंसाठी इथे विहार बांधला. अकराव्या शतकातले चिनी शिलालेख इथे मिळाले आहेत. तेराव्या शतकाच्या अखेरीस ब्रह्मदेशाच्या राजाची माणसं येऊन डागडुजी करून गेली, त्याचाही लेख आहे.

या सगळ्या नोंदींत मला सगळ्यांत हलवून टाकते ती एका तिबेटी भिक्षूची. धर्मस्वामी हे त्याचं नाव. तो 1234 मध्ये इथे पोहोचला. तुर्कांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने गाव रिकामं झालेलं होतं. विहारात चौघे भिक्षू उरले होते. त्यांनी मुख्य मूर्तीचा दरवाजा विटांनी बुजवून टाकला होता, वरून गिलावा दिला होता, पुढे एक दुसरीच मूर्ती बसवली होती आणि बाहेरच्या बाजूला महेश्वराचं चित्र रंगवलं होतं, म्हणजे आलेल्याला वाटावं की हे शंकराचं देऊळ आहे. सैन्य जवळ आल्याची बातमी आली तेव्हा हे चौघे आणि त्यांच्याबरोबर पाहुणाही पळाले, आणि थोड्या दिवसांनी परत आले. परत येणं महत्त्वाचं. त्यांच्याकडे ना फौज होती ना राजाश्रय, आणि तरी ते परत आले.

पुढे मात्र येणारे आटले. सोळाव्या शतकाच्या शेवटी घमंडी गिरी नावाचे शैव गोसावी इथे स्थायिक झाले आणि जागा त्यांच्या मठाकडे गेली. एकोणिसाव्या शतकात ब्रह्मदेशाच्या मिंडोन राजाने पुन्हा माणसं पाठवली. त्यांच्या दुरुस्तीच्या पद्धतीवर इंग्रज अधिकाऱ्यांनी नाकं मुरडली आणि 1880 च्या सुमारास काम स्वतःकडे घेतलं. बेग्लर आणि कनिंगहॅम यांनी मंदिराचा जीर्णोद्धार केला. जुना वृक्ष 1876 च्या वादळात कोसळला होता, आजचा वृक्ष त्यानंतर लावलेला आहे. श्रीलंकेत अनुराधपूरला अशोकाच्या मुलीने, संघमित्रेने, इथून नेलेल्या फांदीचा वृक्ष याहून कितीतरी जुना आहे.

1891 च्या जानेवारीत सव्वीस वर्षांचे अनागारिक धर्मपाल श्रीलंकेहून इथे आले. मंदिराची अवस्था पाहून त्यांनी इथेच राहायचं ठरवलं आणि त्याच वर्षी महाबोधी सोसायटी स्थापन केली. मठाच्या महंतांशी त्यांचा खटला वर्षानुवर्षं चालला. त्यांच्या हयातीत निकाल मनासारखा लागला नाही. 1933 मध्ये सारनाथला त्यांचा अंत झाला. त्याच्या दोनच वर्षं आधी त्यांच्या प्रयत्नांतून तिथे मूलगंधकुटी विहार उभा राहिला होता. बिहार सरकारचा बोधगया मंदिर कायदा झाला 1949 मध्ये. त्यानुसार समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी. ही व्यवस्था बौद्धांना मान्य नाही. 1992 पासूनच्या आंदोलनाचं नेतृत्व नागपूरच्या भदंत सुरेई ससाई यांनी केलं, आणि 2025 मध्येही भिक्षू उपोषणाला बसले. मला स्वतःला त्यांची मागणी रास्त वाटते. एखाद्या धर्माच्या सर्वोच्च स्थानाचा कारभार त्या धर्माच्या लोकांकडे असावा, यात वादासारखं काय आहे?

वृक्षाच्या मागच्या अंगाला पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायकांचा घोळका बसला होता. "जयभीम ताई, कुठल्या गावच्या?" एकीने विचारलं. त्या मेहकरकडच्या होत्या. त्यांच्यातल्या एका आजींना मी विचारलं, दमलात का? त्या म्हणाल्या, "दमाले काय झालं माय? बसनं तर इथंच हाय." त्रिशरण म्हणायला त्यांनी मलाही आपल्यात बसवून घेतलं. शेजारी थाई भिक्षूंचा पाठ चालू होता. शब्द तेच, चाल वेगळी.

इथे थोडं थांबून ह्युएन त्सांगबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय पुढचा रस्ता सापडत नाही. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला फाहियान आणि सातव्या शतकात ह्युएन त्सांग हे चिनी भिक्षू या चारही जागी आले. कोणत्या शहरातून कोणत्या दिशेला किती अंतर गेलं की काय लागतं, हे त्यांनी बारकाईने लिहून ठेवलं. ह्युएन त्सांग आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानाचा सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत, असं त्याने लिहिलं आहे. वाचताना आपण पहिल्या अर्ध्या वाक्याला मान डोलावतो. त्याच्या ग्रंथाचं फ्रेंच भाषांतर 1857-58 मध्ये छापलं गेलं. 1861 मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कामावर नेमलेला कनिंगहॅम ते जवळ बाळगून बिहार आणि उत्तर प्रदेशातली टेकाडं धुंडाळत फिरला. बाराशे वर्षांपूर्वीच्या यात्रेकरूची वही हाच त्याचा नकाशा होता. कनिंगहॅमचं श्रेय मोठंच आहे, पण वाट दाखवणारा तो चिनी भिक्षू होता, हे विसरायला नको.

त्याच वाटेने कनिंगहॅम गोरखपूरच्या पुढे कसया गावाजवळच्या टेकाडापाशी पोहोचला आणि हेच कुशीनगर, असं त्याने सांगितलं. 1876 मध्ये त्याचा सहकारी कार्लाइल याला तिथे पहुडलेल्या बुद्धाची सहा मीटर लांबीची मूर्ती तुकड्यांच्या अवस्थेत मिळाली, त्याने ती जुळवली. बैठकीवरच्या पाचव्या शतकातल्या लेखात दान देणाऱ्या हरिबलाचं नाव आहे आणि घडवणाऱ्या मथुरेच्या शिल्पकाराचंही, दिन्न. आपल्याकडे शिल्पकाराचं नाव क्वचितच राहतं. हे कुशीनगरच का, याबद्दल काही विद्वानांना तरीही शंका होती, ती पुढे स्तूपात मिळालेल्या ताम्रपटाने फिटली.

कुशीनगर आनंदालाही पसंत नव्हतं. असल्या आडगावी देह ठेवू नका, चंपा, राजगृह, श्रावस्ती अशी मोठी शहरं आहेत, तिथे चला, असं तो बुद्धाला विनवतो. गाव अजूनही लहानच आहे, विमानतळ झाला तरी. निर्वाण मंदिर आत एका खोलीएवढं. मूर्तीच्या उशाशी, मध्ये आणि पायाशी उभं राहिलं की चेहऱ्यावरचा भाव बदलतो असं गाइड सांगतात. मला तसं दिसलं नाही. मला दिसली ती मूर्तीच्या अंगावर दर थोड्या वेळाने बदलली जाणारी चादर. प्रत्येक देशाचे यात्रेकरू आपापलं चीवर आणतात, पांघरतात, नमस्कार करून बाजूला होतात, मग पुढचे येतात.

मराठी माणसाने कुशीनगरला जावं याचं एक खास कारण आहे. आराकानात जन्मलेले भिक्षू चंद्रमणी कोवळ्या वयात भारतात आले आणि या उजाड गावात राहिले. पडक्या स्तूपाभोवती त्यांनी पुन्हा वस्ती जमवली, यात्रेकरूंची सोय केली, शाळा काढल्या. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आणि माईसाहेबांना त्रिशरण आणि पंचशील दिलं ते याच चंद्रमणी महास्थविरांनी. लाखो मराठी माणसांचा धर्म ज्या क्षणी बदलला, त्या क्षणाचा एक धागा या आडगावाशी बांधलेला आहे. त्यानंतर नोव्हेंबरात काठमांडूच्या बौद्ध परिषदेहून परतताना बाबासाहेबांनी सारनाथ आणि कुशीनगर पाहिलं, आणि महिनाअखेरीला ते दिल्लीला पोहोचले. 6 डिसेंबरला त्यांचं महापरिनिर्वाण झालं. प्रकृती पार ढासळलेली असताना या माणसाने ही यात्रा केली.

त्यांच्याही आधी एक गोवेकर या वाटेने गेला होता. साखवाळचे धर्मानंद कोसंबी 1899 मध्ये बुद्धाच्या शोधात घराबाहेर पडले, श्रीलंकेत भिक्षू झाले आणि या तीर्थांवर हिंडले. त्यांचं 'निवेदन' हे आत्मचरित्र निघण्याआधी वाचून घ्यावं. त्यातली पायपीट वाचल्यावर आपल्या एसी बसची तक्रार करायला जीभ उचलत नाही.

कुशीनगरहून सोनौलीमार्गे नेपाळ. सरहद्दीपलीकडे घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करावं लागतं. लुंबिनीत बघण्यासारखं मोजकंच आहे, आणि ते तसंच असावं हे बरं. मायादेवी मंदिर, पुष्करिणी आणि अशोकाचा स्तंभ. बाकी जपानी वास्तुविशारद केंझो तांगे यांनी आखलेलं विस्तीर्ण उद्यान आणि त्यात देशोदेशीचे विहार.

स्तंभावरचा लेख अवघा काही ओळींचा आहे. अभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर राजा स्वतः इथे आला, पूजा केली, बुद्ध शाक्यमुनी इथे जन्मला म्हणून दगडी स्तंभ उभारला. शेवटी एक प्रशासकीय वाक्य: लुंबिनी गावाचा बळी हा कर माफ केला आणि उत्पन्नाचा वाटा आठव्या हिश्शावर आणला. तीर्थक्षेत्राचा विकास म्हटलं की आपल्याकडे आधी गावकऱ्यांची घरं जातात. अशोकाने गावकऱ्यांचा सारा कमी केला.

त्याच स्तंभावर रिपुमल्ल नावाच्या राजाने 1312 च्या सुमारास आपलं नाव कोरून ठेवलं आहे. म्हणजे तोवर लोक इथे येत होते. मग जंगल वाढलं आणि गाव विसरलं गेलं. 1896 मध्ये पाल्पाचे सुभेदार खड्ग शमशेर राणा आणि जर्मन संशोधक फ्युरर यांनी तो स्तंभ पुन्हा उजेडात आणला. हा फ्युरर भलताच निघाला. त्याने ब्रह्मदेशाच्या एका भिक्षूला बुद्धाचे म्हणून खोटे अवशेष विकले होते. ते उघड झाल्यावर 1898 मध्ये त्याला नोकरी सोडावी लागली. शोधणारा लबाड, पण स्तंभ आणि लेख अस्सल.

त्याच 1898 मध्ये सरहद्दीच्या अलीकडे, पिप्रहवा येथे, जमीनदार पेपे याने आपल्या शेतातला स्तूप उघडला आणि त्यातून अस्थींबरोबर शेकडो रत्नं निघाली. अस्थी सयामच्या राजाला भेट गेल्या. रत्नांचा काही भाग पेपेच्या घराण्याकडे राहिला आणि 2025 च्या मे महिन्यात तो हाँगकाँगला लिलावात निघाला. भारत सरकारने हरकत घेतल्यावर लिलाव थांबला आणि जुलैमध्ये मुंबईच्या गोदरेज समूहाच्या मदतीने ती रत्नं मायदेशी आली. सारनाथच्या अस्थी गंगेत गेल्या त्याला तेव्हा दोनशे तीसहून अधिक वर्षं झाली होती. या वेळी निदान ओळखणारे लोक होते.

जाणाऱ्यांसाठी थोडं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला, पण डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत धुकं पडतं आणि गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात, तेव्हा हाताशी वेळ ठेवा. नेपाळात जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ असावं. सहल कंपन्या कुशीनगरला तासाभरात गुंडाळून लुंबिनीकडे पळवतात. त्यांना निक्षून सांगा की तिथे रात्रीचा मुक्काम हवा. आणि तारखा ठरवताना सारनाथला शुक्रवार येऊ देऊ नका, त्या दिवशी संग्रहालय बंद असतं.